नऊ नंबरचा बोर्ड

वीज दिल्यावर बोर्ड गप्प राहायला हवा होता. आधीच्या आठ बोर्डांनी तेच केलं होतं: स्विच सरकवला, कोपऱ्यातला लाल दिवा लागला, बस. नवव्यानं मात्र लाल दिव्यापाठोपाठ आकड्यांच्या खिडकीत एक आडवी रेघ दाखवली आणि तो थांबून राहिला. मी स्विच बंद केला, दहापर्यंत मोजलं, पुन्हा चालू केला. पुन्हा रेघ. मे महिन्यातले सकाळचे साडेअकरा, कूलर ओल्या गवताचा वास फेकतोय, खिडकीबाहेर यवतमाळचं ऊन डोळ्यांत टोचतंय, आणि माझ्या मानेवर काटा आला. या बोर्डाच्या मधोमध जी चिप असते ती कोरी असते. आपण संगणकावर लिहून तिला सांगायचं, आज तू चौकातले सिग्नल सांभाळ, आज तू लिफ्ट हो, आज नुसती बेरीज कर. ती निमूट तशी होते. वीज गेली की सगळं विसरते. हा विषय मी अकरा वर्षं शिकवतेय आणि दरवर्षी पहिल्याच तासाला सांगते, की हिला काही आठवत नाही म्हणूनच ही एवढी आज्ञाधारक आहे, आणि वर्ग हसतो. शेजारी एक छोटी मेमरी असते. तिच्यात लिहून ठेवलं तर वीज आली की बोर्ड तेच आठवत उठतो. पण त्या मेमरीला हात लावायचा नाही हा आमच्या लॅबचा जुना नियम, मी विद्यार्थिनी होते तेव्हापासून दाराशेजारी चिकटवलेला. म्हणजे कोणीतरी नियम मोडून या बोर्डाला काहीतरी आठवायला लावलं होतं, आणि हे बोर्ड तर नवा अभ्यासक्रम आल्यापासून, म्हणजे मी शिकवायला लागायच्याही आधीपासून, कपाटात बंद होते.

ते बाहेर काढायचं कारण प्रियंका. विद्यापीठानं जुन्या अभ्यासक्रमात विषय राहिलेल्यांना शेवटची संधी दिली होती, यापुढे नाही असं ठळक अक्षरात छापून. आमच्या महाविद्यालयातून एकच अर्ज आला, मुकुटबनहून, प्रियंका नागोराव असं नाव लिहिलेला. राहिलेला विषयही एकच. बाकी सगळे विषय ती तेव्हाच चांगल्या गुणांनी पास झाली होती. या एका विषयाच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे आमच्या सरांच्या तिरक्या अक्षरात ‘नक्कल’ असा शेरा होता आणि सत्रकार्याला शून्य. तो शेरा उठल्याशिवाय तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि उठवायचा तर विषयशिक्षकाची सही हवी. अर्जाचा शेवटचा दिवस आज, पाच वाजेपर्यंत. विषयशिक्षक म्हणजे मी. आणि नक्कल केली होती तीही मी. हे वाक्य मी आठवडाभर मनात म्हणून बघत होते. आधी ते जड जायचं, मग सवयीनं गुळगुळीत झालं, आता त्याचं काही वाटेनासं झालंय की काय अशी नवीच भीती. अकरा वर्षांतली दहा मी तासिका तत्त्वावर काढली, दर जूनमध्ये आपलं नाव यादीत आहे का ते बघत. गेल्या वर्षी कायम झाले. घाटंजीला अब्बांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, त्या पेढ्यांचा मला अजून राग येतो.

रेघ थांबली होती म्हणजे बोर्ड कशाची तरी वाट बघत होता. मी कडेचं पहिलं बटण दाबलं. वरच्या दोन दिव्यांपैकी दुसरा लागला. मी बोट उचललं, रिसेट केलं, रेघ आली, पुन्हा पहिलं बटण दाबलं. दुसरा दिवा. आता मी ओळखलं. दोन बटणं, दोन दिवे: प्रश्नमंजूषेचा बझर. दोघांपैकी जो आधी दाबेल त्याचा दिवा लागतो आणि दुसऱ्याचं बटण तेवढ्यापुरतं मेलेलं असतं. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण दोघांनी अगदी एकाच क्षणी दाबलं तर काय, इथं सगळी मेख आहे. त्या एका प्रश्नावर मी दोन तास बोलू शकते. मी दाबलं आणि दुसरा दिवा लागला, म्हणजे माझ्या आधी दुसरं बटण कोणीतरी दाबलं. लॅबमध्ये मी एकटी होते. मी उगाच मागं वळून बघितलं. मग माझ्यातल्या शिकवणाऱ्या बाईंनी कामाला सुरुवात केली: पिन सैल झाली असेल, बटणाखाली गंज असेल, कशालाच न जोडलेली पिन हवेतलं काहीबाही पकडते, हाताच्या नुसत्या जवळिकीनंही हलते. सगळं खरं. मी स्टुलावरून उठून, हात लांब करून, पेनच्या टोकानं दाबलं. दुसरा दिवा. झटकन दाबलं. दुसरा. डोळे मिटून, तिला फसवल्यासारखं, नको त्या वेळी दाबलं. दुसराच. मी मनात ‘तिला’ म्हणाले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आमच्या लॅबच्या लालीबाई कपाटाची किल्ली न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना थांबवलं. ‘‘लालीबाई, जरा बघा, मी हे दाबते, कुठला लागतो?’’ त्यांनी पदरानं घाम पुसत वाकून बघितलं. ‘‘लागला नं मॅडम. मंग चालूच हाय, खराब कायले लिहिता?’’ ‘‘अहो, पण कुठला लागला?’’ ‘‘हिरवा,’’ त्या म्हणाल्या. दोन्ही हिरवेच होते. त्या किल्ली घेऊन गेल्या आणि जाताना पंखा वाढवून गेल्या, माझा चेहरा बघून असणार. आता कोणीही शहाणं माणूस काय करेल, तर दुसरं बटण दाबून बघेल. पहिल्या वर्षाच्या पोरीलाही हे सुचेल. मला सुचलं होतं, माझा अंगठा त्याच्यावर जाऊन टेकलाही, आणि मी तो काढून घेतला. दुसरं बटण माझं नव्हतं. आम्ही या बाकावर बसायचो तेव्हा डावीकडे मी आणि उजवीकडे प्रियंका, आणि उजवीकडचं बटण तिचं. तेरा वर्षांनंतर, चांगली चौतीस वर्षांची, डॉक्टरेटचा अर्ध्यावर आलेला प्रबंध घरी ठेवून आलेली बाई मी, आणि एका प्लॅस्टिकच्या बटणाला हात लावायला भीत होते. मला माझंच हसू आलं.

हॉस्टेलला जागा मिळेपर्यंत ती यायची पहाटेची गाडी धरून, पहिलं अख्खं सत्र रोज पांढरकवड्याच्या मावशीकडून. डबा उघडला की जवसाची चटणी, आणि मी माझ्यातला खिमा तिच्याकडे सरकवला की म्हणायची, तुह्या अम्मीले सांग, मीठ कमी टाकत जा. आमची जोडी हजेरीपटानं लावली नव्हती, आम्हीच लावून घेतली होती. मला बोलता यायचं, तिला करता यायचं. मी सरांसमोर व्याख्या धडाधड म्हणायचे. ती कागदावर गोल काढायची, गोलातून गोलाकडे बाण, आणि बाणांवर बारीक अक्षरात कधी जायचं ते. गोल म्हणजे यंत्राची एकेक अवस्था. तिला भीती असायची न काढलेल्या गोलांची. ‘‘आपण पाच काढले, पण आत जागा आठ गोलांची हाय. राह्यलेल्या तिनात जाऊन पडलं तर थे वापस कसं येईन?’’ असं ती चहाच्या टपरीवरही विचारायची आणि मी म्हणायचे, पडतच नाही गं, कोण पाडणार आहे. बझरचं डिझाईन तिचं होतं, सगळंच्या सगळं. मी तेव्हा घाटंजीला होते, अब्बांच्या मागं बसून. अब्बा जळालेल्या मोटारी भरून देतात. जुनं वाइंडिंग तोडायच्या आधी त्याचे वेढे मोजून वहीत उतरवायचे, मग तसंच्या तसं नवं भरायचं, हे मी लहानपणापासून बघत आले. दुसऱ्यानं केलेलं उतरवून घेणं ही आमच्या घरी चोरी नव्हती, ती विद्या होती. असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. सुट्टीहून आले, तिची फाईल माझ्या पेनड्राइव्हवर घेतली, आणि कॉलेजात मुलं करतात तशी, ओळखू न येईल अशी केली. नावं बदलली. जिथं तिचं पहिलं होतं तिथं माझं दुसरं, जिथं दुसरं तिथं पहिलं. वरच्या टिपा खाली. आणि तिनं तिची द्यायच्या आदल्या दिवशी सरांकडे जमा केली.

दोन फायली शेजारी ठेवल्या की आंधळ्यालाही कळावं. सरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. ते दृश्य माझ्याकडे पक्कं आहे, दर बारीकशा गोष्टीसह: टेबलावरच्या काचेखाली त्यांच्या मुलाचा फोटो, खिडकीवर बसलेली मैना, प्रियंकाच्या हातातल्या ओढणीचं टोक. सरांनी विचारलं, ‘‘कोणाचं आहे हे?’’ मी बोलले. डिझाईन कसं चालतं ते मी असं समजावून सांगितलं की मलाच ते माझं वाटायला लागलं. आणि ती गप्प राहिली. एक शब्द बोलली नाही. या एका गोष्टीवर मी तेरा वर्षं उभी आहे. मी खोटं बोलले हे खरं, पण तिनं अडवलं नाही. ती एक शब्द जरी बोलली असती तर मी तिथंच कोसळले असते, सगळं कबूल केलं असतं, मी तशीच आहे. ती बोलली नाही म्हणजे तिलाही काही कारण असेल. कंटाळली असेल. तिला हा विषय नको असेल. रात्री झोप आली नाही की मी त्या केबिनमध्ये जाते आणि तिची चुप्पी पुन्हा एकदा तपासून येते, कुलूप ओढून बघतात तशी, आणि मग झोपते.

ती तीन वाजता आली. दारात उभं राहून तिनं चप्पल काढली. लॅबमध्ये आता कोणी काढत नाही. अंगानं भरली होती, चष्मा लागला होता, खांद्याला प्लॅस्टिकच्या फाईलींनी फुगलेली पिशवी. गावात ती ऑनलाइन अर्जांचं केंद्र चालवते एवढं मला ठाऊक होतं. ‘‘नमस्कार, मॅडम,’’ ती म्हणाली, आणि मला ते ‘मॅडम’ चापट मारल्यासारखं लागलं. ‘‘मॅडम काय गं,’’ मी म्हटलं. ‘‘बस. पाणी घे. बसला गर्दी होती का?’’ ‘‘होती थोडी.’’ ती पाणी प्यायली, तिनं पेला पालथा घातला, आणि तिची नजर बोर्डावर गेली. मी काय बोलावं ते सुचेना म्हणून बोलत सुटले. म्हटलं, हा बोर्ड बिघडलाय, कोणी तरी त्यात काही लिहून ठेवलंय, बघ ना, मी माझं दाबते आणि लागतो तुझा. हे शेवटचं मी हसत म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. मग थेट विचारलं, ‘‘तू लिहिलं होतंस का हे? जाताना?’’

‘‘मी?’’ ती म्हणाली. ‘‘मले तं त्या दिवसापासून लॅबमधी येऊच नाई देलं. मी कवा लिहीन?’’ आणि तिनं सरळ हात पुढं करून दुसरं बटण दाबलं. पहिला दिवा लागला. तिनं रिसेट केलं, पहिलं दाबलं, दुसरा लागला. तिला एवढंच पुरलं. ‘‘तू बटनं पलटवली, दिवे तसेच ठेवले,’’ ती म्हणाली, वहीतली चूक दाखवावी तशा साध्या आवाजात. ‘‘पिनांच्या यादीत. नावं उलटी केली तं दोन्ही उलटे कराव लागते नं. बटनं केली, दिवे राह्यले.’’

मला आधी हायसं वाटलं. कोणी नव्हतं, कोणी माझ्या आधी दाबत नव्हतं. आणि त्याच श्वासात सगळं परत आलं. परीक्षेच्या आदल्या दिवशीचं भारनियमन. परीक्षक आल्यावर वीज गेली आणि बोर्ड विसरला तर मला घाईत पुन्हा भरता येणार नाही, म्हणून दाराशेजारचा नियम वाचत वाचत मीच ते मेमरीत लिहिलं होतं, नऊ नंबरच्या बोर्डात, या माझ्या हातांनी. परीक्षकांनी बटण दाबलं, एक दिवा लागला, ते छान म्हणाले. कुठला लागला ते त्यांनी बघितलं नाही आणि मीही नाही. आणि हे मी विसरले होते. लपवलं नव्हतं, खरोखर विसरले होते, जागाच कोरी होती. आज सकाळपासून मी ज्याला घाबरत होते ते माझंच अक्षर होतं. माझ्या डोक्यात अजून किती जागा अशा कोऱ्या केलेल्या असतील? मी म्हटलं, ‘‘प्रियंका, मी लिहून देते. सगळं. ते डिझाईन तुझं होतं, नक्कल मी केली, असं विभागप्रमुखांना आत्ता लिहून देते.’’ मी कागद ओढलाही. मला रडू येत होतं आणि थोडं छानही वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

‘‘नको,’’ ती म्हणाली. तिनं पिशवीतून एक कागद काढला, आधीच टाईप केलेला, खाली तिची सही. माफीनामा. ‘मी अमुक, सदर विषयाच्या सत्रकार्यात सहाध्यायी विद्यार्थिनीच्या कामाची नक्कल केली होती, त्याबद्दल मला पश्चात्ताप होत आहे, पुन्हा असे होणार नाही.’ खाली डावीकडे ‘समक्ष’ आणि विषयशिक्षकाच्या सहीसाठी मोकळी जागा. ‘‘परीक्षा विभागाच्या बाबूनं सांगतलं. माफी लिहून देली अन् शिक्षकाची सही असली का शेरा लगेच उठते. तू लिहून देशीन तं चौकशी बसन. समिती, तारखा. सहा महिने. मले आज पाच वाजेपर्यंत अर्ज भराचा हाय.’’

‘‘पण हे खोटं आहे.’’

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘आयटीआयमधी जागा निघाली हाय. डिग्री लागते. वय अडतीसपरेंत चालते, मी पस्तिशीची झाली. लोकायचे अर्ज भरू भरू माहे बोटं झिजले, गझाला. मले न्याय नाई पाह्यजे, पेपर पाह्यजे. सही कर.’’

मी म्हटलं, मी नंतर लिहून देईन, तुझा निकाल लागल्यावर. ती म्हणाली, निकाल लागल्यावर कायले, मंग माही माफी खोटी ठरन अन् डिग्री अडकन. तिनं हे सगळं आधीच, गोल आणि बाण काढल्यासारखं, शेवटपर्यंत जाऊन तपासलं होतं. मी जिकडून बाहेर पडायला बघत होते तिकडची वाट तिनं त्याच शांतपणे बंद केली. खरं बोलायची माझी मुदत केव्हाच संपली होती. आता माझ्या खऱ्याचा तिला उपयोग नव्हता, माझ्या खोट्याचा होता, आणि मी पुन्हा एकदा तिच्या नावावर माझी नक्कल टाकणार होते, या खेपेला तिच्याच विनंतीवरून. मी सही केली. शिक्का मारला. शाई ओली होती म्हणून ती कागदावर फुंकर घालत उभी राहिली, आणि तिच्या त्या फुगलेल्या गालांकडे बघताना मला ती एवढी ओळखीची, एवढी माझी वाटली, की मला विचारल्याशिवाय राहवलं नाही. तेरा वर्षांचा प्रश्न. उत्तरही मला जवळजवळ पाठ होतं, ती कंटाळली होती म्हणेल, किंवा तुझ्यासाठी म्हणेल.

‘‘प्रियंका, तू तेव्हा सरांसमोर बोलली का नाहीस?’’

तिनं फुंकर थांबवली. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी थट्टा करतेय की काय ते तिला कळत नव्हतं.

‘‘बोलली होती नं,’’ ती म्हणाली. ‘‘तिथंच तं होती तू. म्या सरले म्हटलं, सर, बोर्ड आना, पिना पाहा, ज्यानं नक्कल केली त्याच्या पिना उलट्या असन. दोनदा म्हटलं. सर उठलेही होते. तूच त्यायचा रस्ता अडवला अन् म्हणाली, सर, ही घाबरली आहे म्हणून काहीही बोलतेय, हिला रागावू नका.’’ तिनं कागदाची घडी घातली. ‘‘खरंच आठवत नाई तुले?’’

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. काचेखालचा फोटो होता, मैना होती, ओढणीचं टोक होतं, आणि सरांची खुर्ची मागं सरकलेली होती, टेबलापासून चांगली हातभर, उठलेल्या माणसाची. ती खुर्ची मी तेरा वर्षं बघत आले होते. ‘‘साडेतीन वाजून गेले, बाबू चहाले जाईन,’’ असं म्हणत प्रियंकानं दारात चपला घातल्या आणि जिन्यावरून तिची पावलं खाली गेली. मी तिथंच उभी होते, आणि ते वाक्य, ‘हिला रागावू नका’, मला आता ऐकू येत होतं, अगदी स्पष्ट, काळजीनं भरलेलं, जसं मी आजही वर्गात बोलते तसं.